जुना तडाखेबंद फलंदाज ट्रेडमध्ये आला की आउटफिल्डमध्ये कोण कुठे सरकतं? (मॅनी रामिरेझ, २००८)

उजवा_डावा (धागाकर्ता)

बेसबॉलमधल्या ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) चर्चा बहुतेक वेळा "किती होमरन आले, किती गेले" इथेच संपते. माझं मत वेगळं आहे. वय झालेला मोठा फलंदाज संघ बदलतो तेव्हा खरा हिशेब असतो तो आउटफिल्डच्या (मैदानाच्या मागच्या भागातल्या) तीन जागांचा: लेफ्ट, सेंटर, राइट. त्याला ठेवायचं कुठे? बहुधा लेफ्ट फिल्डला, कारण तिथे फेक लांब लागत नाही. मग आधीचा लेफ्ट फिल्डर कुठे जाणार? सेंटरला जाण्याइतके पाय आहेत का? राइटला जाण्याइतका हात आहे का? दोन्ही नसतील तर तो बाकावर, आणि त्याचा करार कितीही कोटींचा असला तरी बाकावरच.

चर्चेसाठी ३१ जुलै २००८ चा तीन संघांचा ट्रेड घेऊ. मॅनी रामिरेझ बोस्टन रेड सॉक्सकडून लॉस एंजेलिस डॉजर्सकडे. जेसन बे पिट्सबर्ग पायरेट्सकडून बोस्टनकडे. पायरेट्सना चार जण: डॉजर्सचे अँडी लारोश आणि ब्रायन मॉरिस, रेड सॉक्सचे ब्रँडन मॉस आणि क्रेग हॅन्सन. मॅनी तेव्हा ३६ वर्षांचा, बे २९ चा. मॅनीच्या उरलेल्या मोसमाच्या पगाराचे साधारण ७० लाख डॉलर बोस्टननेच भरले.

एकाच दिवशी तीन संघांचं आउटफिल्ड हललं. कुणाचं नीट बसलं, कुणाचं बिघडलं, आणि त्यातून पुढच्या ट्रेडसाठी काही ठोकताळा निघतो का? मॅनीच्या वागणुकीवर आधी पुष्कळ लिहून झालंय, इथे तो विषय नको.

बोरिवली_बोस्टन

बोस्टनची बाजू मांडतो. वागणूक बाजूला ठेवली तरी जागेचा पेच होताच, आणि तो डेव्हिड ऑर्टिझमुळे होता.

मे महिन्याच्या शेवटी ऑर्टिझच्या डाव्या मनगटाला दुखापत झाली. तो नसताना डीएचची (फक्त फलंदाजी करणाऱ्याची) जागा मोकळी होती, म्हणून मॅनीला तिथे खेळवता येत होतं. लेफ्टला जेकबी एल्सबरी, सेंटरला कोको क्रिस्प, राइटला जे. डी. ड्रू. पळण्याच्या दृष्टीने बोस्टनचं त्या वर्षातलं हे सर्वात चांगलं आउटफिल्ड, आणि ड्रूचा जून महिना तर जबरदस्त गेला. मग २५ जुलैला ऑर्टिझ परतला. डीएच त्याचा. मॅनीला परत लेफ्टला पाठवावं लागलं आणि एल्सबरी व क्रिस्प यांच्यातला एक रोज बाकावर. सहा दिवसांनी ट्रेड झाला.

मॅनी गेला आणि बे आला म्हणून बाकावरची गर्दी काही कमी झाली नाही, हे लक्षात घ्या. लेफ्टच्या जागी लेफ्टवालाच आला. फरक पडला तो फलंदाजीच्या क्रमात. चौथ्या क्रमांकावर केविन युकिलिस गेला आणि बे त्याच्या मागे. बेने बोस्टनसाठी ४९ सामन्यांत .२९३ सरासरी (हिटचं प्रमाण), ९ होमरन आणि ३७ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर आलेल्या धावा) केले. मॅनीची पोकळी एकट्याने भरून काढावी असं त्याच्याकडून कुणी मागितलंच नाही.

निमूट

वाखुसा (वाचनखूण साठवली). कोपऱ्यात बसून वाचतोय.

आकडेमोड

डॉजर्सकडे या. ट्रेडचा फायदा मोजताना "आलेला किती चांगला" हा अर्धाच प्रश्न झाला. "ज्याची जागा गेली तो किती वाईट" हा दुसरा अर्धा, आणि डॉजर्सच्या बाबतीत तोच मोठा होता.

त्या मोसमात त्यांच्याकडे तीन जागांना चार दावेदार होते. लेफ्टला वॉन पिएर (५ वर्षं, ४.४ कोटी डॉलर), सेंटरला अँड्रू जोन्स (२ वर्षं, ३.६२ कोटी डॉलर), आणि राइटसाठी मॅट केम्प व आंद्रे ईथिअर अशी दोन तरुण पोरं. पगार जास्त असलेल्यांना जागा आधी, चांगलं खेळणाऱ्यांना वाटणी. जोन्सने तो मोसम .१५८ ने संपवला, ७५ सामन्यांत ३ होमरन. गुडघा गेला, वजन वाढलेलं, आणि एके काळचा दहा गोल्ड ग्लव्हवाला (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) सेंटर फिल्डर बाकावर आला. पिएरची सरासरी .२८३ दिसते, चोऱ्या (पळून चोरलेले बेस) ४०, पण ऑन-बेस (बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) .३२७ आणि स्लगिंग (फटक्यांची ताकद) .३२८, म्हणजे दोन्हींची बेरीज, ओपीएस, .६५५. लेफ्ट फिल्डरकडून एवढंच मिळत असेल तर ती जागा फुकट चालली आहे.

मॅनीने डॉजर्ससाठी ५३ सामन्यांत .३९६ / .४८९ / .७४३ (सरासरी / ऑन-बेस / स्लगिंग) केलं. ओपीएस १.२३२, १७ होमरन, ५३ आरबीआय. त्याच्या येण्याने केम्प सेंटरला आणि ईथिअर राइटला कायमचे झाले. म्हणजे एका ट्रेडने लेफ्टची जागा तर सुधारलीच, शिवाय उरलेल्या दोन जागांची वाटणी संपली. ईथिअर त्या वर्षी .३०५ आणि २० होमरन, केम्प .२९० आणि ३५ चोऱ्या. ही पोरं आधीपासूनच घरात होती. मॅनेजर जो टॉरीला त्यांना रोज खेळवायला निमित्त हवं होतं, ते मिळालं.

डॉजर्स ८४-७८ (विजय-पराभव) करून विभागात पहिले आले, ॲरिझोना दोन सामने मागे. इतक्या अरुंद फरकात एक जागा सुधारणं निर्णायक ठरतं.

खडूस_खेळिया

.३९६ ही ५३ सामन्यांची सरासरी आहे. एवढ्या कमी सामन्यांत कुणीही चांगला फलंदाज तापू शकतो. त्याच मोसमात बोस्टनकडे १०० सामन्यांत त्याचं .२९९ आणि २० होमरन होतं. तोच माणूस, तीच बॅट. "ट्रेडमुळे आउटफिल्ड सुधारलं" म्हणताना नशिबाचा वाटा वेगळा काढा.

आणि पिएरला एवढं हिणवू नका. त्याची फेक कमजोर आहे हे खरं, पण पळून गाठलेले चेंडू कोण मोजणार?

आकडेमोड

@खडूस, मोजूया. ढोबळ नियम असा की दहा धावा म्हणजे एक विजय. समजा एखादा फलंदाज पूर्ण मोसमात सरासरी खेळाडूपेक्षा बॅटने ४० धावा जास्त देतो आणि ग्लव्हने १५ धावा घालवतो. निव्वळ २५. त्याच्या आधीचा माणूस बॅटने १५ धावा कमी आणि ग्लव्हने ५ जास्त, म्हणजे निव्वळ उणे १०. फरक ३५ धावांचा, साडेतीन विजयांचा. एक तृतीयांश मोसम उरला असेल तर सव्वा विजय. यात नशीब कुठेच धरलेलं नाही. मॅनी बोस्टनच्याच गतीने खेळला असता तरी फायदा होताच, फक्त इतका गाजला नसता.

आता जागेवरचा माणूस बॅटने सरासरीइतका असता तर? तोच ट्रेड निम्म्यावर आला असता. म्हणून म्हणतो, आधी हकालपट्टी कुणाची होतेय ते बघा.

नवखी_प्रेक्षक

एक बाळबोध प्रश्न. मॅनी क्षेत्ररक्षणात कच्चा होता तर डॉजर्सनी त्याला डीएच का केलं नाही? आणि डीएच नसेल तर अशा माणसाला शेवटच्या डावांत लपवतात कसं?

शॉर्टस्टॉप

बाळबोध कसला, धाग्याचा गाभाच तो. डीएच म्हणजे जो फक्त फलंदाजी करतो, ग्लव्ह घालत नाही. तो पिचरच्या जागी बॅटिंग करतो. २००८ मध्ये ही सोय फक्त अमेरिकन लीगमध्ये होती. डॉजर्स नॅशनल लीगमध्ये, तिथे पिचर स्वतः नवव्या क्रमांकावर यायचा. म्हणजे मॅनीची बॅट हवी असेल तर त्याला मैदानात उभं करणं भाग. नॅशनल लीगला डीएच कायमचा मिळाला २०२२ पासून (त्याआधी २०२० च्या छोट्या मोसमात तात्पुरता).

लपवायची युक्ती म्हणजे डबल स्विच. मॅनी तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि सातव्या डावात शेवटचा बाद तोच झाला असं समजा. आपण पुढे आहोत, आठव्या डावात नवा पिचर आणायचाच आहे. नुसता पिचर बदलला तर तो नवव्या क्रमांकावर जातो, म्हणजे पुढच्या फलंदाजीत सहाव्या पाळीला त्याची बॅट येते. त्याऐवजी मॅनेजर नव्या पिचरला मॅनीच्या तिसऱ्या क्रमांकावर लिहितो, आणि लेफ्टला पिएरला आणून त्याला पिचरच्या नवव्या क्रमांकावर. आता पिचरची पाळी नववी येते, सहाव्या पाळीला पिएर, आणि लेफ्ट फिल्डला पळणारा माणूस. एका दगडात दोन पक्षी. दोन्ही बदल अंपायरला एकदमच सांगायचे असतात.

धोका एवढाच की बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. प्रतिस्पर्ध्याने बरोबरी साधली आणि सामना जादा डावांत गेला तर मॅनीच्या क्रमांकावर पिचर किंवा राखीव फलंदाज. म्हणून एका धावेच्या आघाडीवर मॅनेजर नखं खात बसतो, आणि तीन धावांच्या आघाडीवर डोळे झाकून बदल करतो.

गाढवाचं_लग्न_लावणारा

थोडक्यात, ४.४ कोटींचा पिएर म्हणजे मॅनीचा रात्रपाळीचा वॉचमन.

नवखी_प्रेक्षक

@शॉर्टस्टॉप, आता कळलं. धन्यवाद! म्हणजे क्रिकेटमध्ये संथ खेळाडूला शॉर्ट फाइन लेगला ठेवतात तसं लेफ्ट फिल्ड का?

रानवेडी

बरोबर, पण कुठल्या मैदानाचं लेफ्ट फिल्ड यावर सगळं आहे. बेसबॉलमध्ये सीमा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते.

बोस्टनच्या फेनवे पार्कला लेफ्टची रेषा ३१० फूट आणि तिथे ३७ फूट २ इंच उंचीची भिंत, तोच ग्रीन मॉन्स्टर. लेफ्ट फिल्डरला मागे पळायला जागाच नाही. त्याचं काम म्हणजे भिंतीवरून चेंडू कसा उसळेल ते ओळखून दुसऱ्या बेसला पटकन फेकणं, म्हणजे डबलचं (दोन बेसच्या फटक्याचं) सिंगल होतं. हे मॅनीला चांगलं जमायचं. २००५ मध्ये त्याने १७ असिस्ट (फेकीने बाद करायला मदत) केले होते, कारण फलंदाज त्याला कच्चा समजून दुसऱ्या बेसकडे धाव घ्यायचे. उलट फेनवेचं राइट फिल्ड मोठं आणि वेडंवाकडं. रेषेवर ३०२ फूट, पण लगेच आत खोल जातं, ३८० पर्यंत. म्हणून तिथे ड्रूसारखा, जवळजवळ सेंटर फिल्डरच्या तोडीचा माणूस लागतो.

डॉजर स्टेडियम दोन्ही बाजूंना सारखं, रेषेवर ३३० फूट. भिंत खुजी, चेंडू अंगावर उसळून येत नाही, मागे पळून पकडावा लागतो. पिट्सबर्गचं पीएनसी पार्क याहून अवघड: लेफ्ट-सेंटरचा कोपरा ४१० फूट खोल.

लेफ्टवाला संथ असेल तर साखळी अशी चालते. सेंटरवाला दोन-तीन पावलं डावीकडे उभा राहतो. त्यामुळे राइट-सेंटरची फट मोठी होते. ती भरायला राइटवाला आत सरकतो. मग उजवी रेषा उघडी पडते आणि तिथला चेंडू कोपऱ्यात गेला की ट्रिपल. म्हणजे लेफ्टच्या संथपणाची किंमत उजव्या कोपऱ्यात चुकवावी लागते, आणि आकड्यांत ती राइटवाल्याच्या नावावर दिसते. केम्प तेव्हा २३ वर्षांचा होता, पायांत वेग होता, म्हणून निभावलं. सेंटरला बत्तीस-तेहतीसचा थकलेला माणूस असता तर हाच ट्रेड डोकेदुखी झाला असता.

पिचर कोण आहे हेही बघायचं. डेरेक लोसारखा सिंकरवाला असेल तर बहुतेक चेंडू जमिनीवरून इनफिल्डकडे जातात, त्या दिवशी लेफ्टला कुणीही चालतो. उंच चेंडू देणारा पिचर असेल त्या दिवशी मॅनीला विश्रांती आणि पिएरला सुरुवातीपासून, असं करता येतं.

खडूस_खेळिया

मॅनीच्या नावावर फेनवेत जे भयानक क्षेत्ररक्षणाचे आकडे लागले त्यात भिंतीचा मोठा हात आहे, हे पण लिहा की. मैदानाचे कप्पे पाडून "या कप्प्यातला चेंडू साधारण पकडला जातो" असा हिशेब केला, की भिंतीवर वीस फूट उंच आदळलेला चेंडूही लेफ्टवाल्याच्या नावे चूक म्हणून जाऊ शकतो. पार्कनुसार आकडे दुरुस्त केले तरी ते पूर्ण निघत नाही. बेच्या बाबतीतही २००९ मध्ये हाच वाद झाला. ३६ होमरन, ११९ आरबीआय, पण ग्लव्हचे आकडे खराब. तो मोसम संपल्यावर मेट्सकडे गेला, आणि बोस्टनने माइक कॅमेरॉनला सेंटरला आणून एल्सबरीला लेफ्टला ढकललं. परत तीच सरकासरकी.

तीन_नद्या

सगळे मॅनी आणि बे करताय, पायरेट्सचं कुणी बोलतच नाही. नेहमीचंच आहे म्हणा.

पिट्सबर्गचं आउटफिल्ड जुलै २००८ पर्यंत लेफ्टला बे, सेंटरला नेट मॅक्लाउथ, राइटला झेव्हियर नेडी असं होतं. फलंदाजीत लीगमधल्या चांगल्या तिकडींपैकी एक. २६ जुलैला नेडी यांकीजकडे गेला (सोबत डावखुरा रिलीव्हर (मधूनच येणारा राखीव पिचर) डामासो मार्टे, बदल्यात होसे टबाटा आणि तीन पिचर). पाच दिवसांनी बे. आठवड्याच्या आत दोन्ही कोपरे रिकामे! त्यांच्या जागी मॉस, स्टीव्ह पिअर्स, नायजर मॉर्गन, जेसन मायकल्स असे आलटून पालटून.

कोपऱ्यातले दोन्ही फलंदाज गेल्यावर मॅक्लाउथला कुणी सरळ चेंडू का द्यावा? तरी त्याने मोसम २६ होमरन आणि ४६ डबल्सवर संपवला. मग जून २००९ मध्ये तोही अटलांटाकडे गेला, आणि दुसऱ्या दिवशी सेंटरला अँड्र्यू मकचन उतरला. २०१३ चा नॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) तोच. म्हणजे जागा रिकामी करण्याचा खरा फायदा मॅनीच्या ट्रेडमधल्या चौघांकडून आला नाही, आधीपासून स्वतःच्याच ज्युनिअर संघात असलेल्या पोराकडून आला.

चौघांमधला लारोश हा मुख्य माल समजला जात होता. डॉजर्सनी २६ जुलैला तिसऱ्या बेससाठी केसी ब्लेक आणला, त्यामुळे लारोश त्यांना जड झाला होता. पिट्सबर्गसाठी त्याने उरलेल्या मोसमात .१५२ केलं.

इकडून_तिकडे

अवांतर: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भारतीय भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध करणारा संघ हाच, पिट्सबर्ग पायरेट्स, आणि तेही नोव्हेंबर २००८ मध्येच. आउटफिल्ड विकून झाल्यावर पिचर शोधायला भारतापर्यंत आले होते बिचारे.

तीन_नद्या

@इकडून_तिकडे 😀 सलग २० मोसम हरणाऱ्याला कुठलंच दार वर्ज्य नसतं.

सुलक्षणा_क

बोस्टनबद्दल एक मुद्दा राहिला: राखीव खेळाडू. त्यांनी दोन आउटफिल्डर दिले, मॅनी आणि मॉस, आणि घेतला एक. कागदावर ठीक. एल्सबरी आणि क्रिस्प दोघे आहेतच, चौथ्या माणसाची सोय झाली. पण ऑगस्टमध्ये ड्रूची पाठ दुखावली आणि सोय संपली. राइटला रोज कोण? मॉस असता तर प्रश्नच नव्हता. डावखुरा, कोपऱ्यात दोन्हीकडे खेळणारा. शेवटी ऑगस्टच्या अखेरीस अटलांटाकडून मार्क कॉट्से आणावा लागला.

तेव्हा ते शक्य होतं, कारण ३१ जुलैनंतरही वेव्हर्समधून (खेळाडू आधी इतर संघांपुढे ठेवायची पद्धत) ट्रेड चालायचे. २०१९ पासून ती खिडकी बंद. आता मुदतीच्या दिवशी दोन देऊन एक घेतला आणि तीन आठवड्यांनी कुणाची पाठ धरली, तर ज्युनिअर संघातून बोलवा किंवा दुसऱ्याने सोडलेला उचला. म्हणून आजच्या अशा ट्रेडमध्ये किरकोळ चौथा आउटफिल्डर जोडीला मागतात ते उगाच नाही.

पुणेरी_पिचर

कराराचा भाग कुणीच घेतला नाही, म्हणून लिहितो. ज्याची मोठ्या लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच संघात झाली त्याला ट्रेड नाकारायचा हक्क असतो. मॅनीकडे तो होता. त्याच्या करारात २००९ आणि २०१० साठी प्रत्येकी २ कोटी डॉलरचे पर्याय होते, आणि ते वापरायचे की नाही हे क्लबच्या हातात. होकाराच्या बदल्यात ते दोन्ही पर्याय रद्द झाले, म्हणजे मोसम संपताच तो मोकळा.

आउटफिल्डशी संबंध हा: डॉजर्सना तो हवा होता दोन महिन्यांसाठी. पुढची दोन वर्षं लेफ्ट अडवून ठेवायची सक्ती नव्हती. अशा अटीवर ३६ वर्षांचा लेफ्ट फिल्डर घेण्यात काहीच धोका नाही. मार्च २००९ मध्ये त्यांनी त्याला २ वर्षांसाठी ४.५ कोटी देऊन परत घेतलं, तो वेगळा निर्णय आणि माझ्या मते चुकीचा. भाड्याने घेतलं तोवर छान होतं, विकत घ्यायची गरज नव्हती.

खडूस_खेळिया

+१. शेवटची ओळ तर अगदीच.

गाढवाचं_लग्न_लावणारा

मॅनी आल्यावर क्रमात त्याच्या आधी येणाऱ्याला सरळ चेंडू मिळायला लागले, ईथिअर त्यामुळे चमकला, असं समालोचक सतत सांगायचे. खरं आहे का ते?

आकडेमोड

अर्धवट. मागे मोठा फलंदाज असला की पिचर आधीच्याला वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट बेस) द्यायला कचरतो, म्हणजे स्ट्राइक झोनमध्ये चेंडू थोडे जास्त पडतात. वॉक कमी होतात हे दिसतं. पण बॅटला चेंडू लागल्यावर जे होतं त्यात फारसा फरक सापडत नाही. ईथिअर २६ वर्षांचा होता आणि रोज खेळायला लागला, हे कारण मला पुरतं.

मॅनीचा ऑन-बेस .४८९ हा मात्र मागच्यांना खरोखर उपयोगी. जवळजवळ दर दुसऱ्या पाळीला तो बेसवर. प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) तर ८ सामन्यांत .५२०, ४ होमरन. शिकागो कब्जचे त्या वर्षी ९७ विजय होते, त्यांना ३-० ने उडवलं. डॉजर्सनी प्लेऑफची मालिका जिंकली ती १९८८ नंतर पहिल्यांदा. पुढे फिलाडेल्फियाने ४-१ ने घरी पाठवलं. बोस्टनही अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत टॅम्पाकडून सातव्या सामन्यात हरलं. दोघांचं आउटफिल्ड बसलं, विजेतेपद कुणालाच नाही.

बोरिवली_बोस्टन

विषय निघालाच आहे तर उलटं उदाहरण. ३१ जुलै २०१४. ओकलंडने आपला लेफ्ट फिल्डर योएनिस सेस्पेडिस बोस्टनला देऊन जॉन लेस्टर घेतला, सोबत जॉनी गोम्स. लेफ्टची योजना अशी की समोर डावखुरा पिचर असेल तर गोम्स, उजवा असेल तर ब्रँडन मॉस. हो, तोच मॉस. कागदावर दोघे मिळून एक सेस्पेडिस.

त्या दिवशी ओकलंड ६६-४१ होतं. मोसम संपला ८८-७४ ला, म्हणजे नंतर २२-३३. सगळं खापर लेफ्ट फिल्डवर फोडता येणार नाही. मॉसचं कंबरेचं दुखणं, इतरांच्या बॅट थंडावल्या. पण दोन अर्ध्या माणसांनी एक जागा भरली की राखीव बाकावरची एक खुर्ची कमी होते, आणि त्यातला एक दुखावला तर दुसरा नको त्या पिचरसमोर उभा राहतो. वाइल्ड कार्डच्या (प्लेऑफमधल्या पहिल्या एकाच) सामन्यात मॉसने दोन होमरन मारले आणि तरी ते कॅन्सस सिटीकडून १२ डावांत ९-८ हरले.

उजवा_डावा (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय. @पुणेरी_पिचर यांच्या मुद्द्याला पुढे नेतो. पिएरला बाकावर ठेवल्याचा डॉजर्सना एक अनपेक्षित फायदा झाला. ७ मे २००९ ला मॅनीवर ५० सामन्यांची बंदी आली. बंदी म्हणजे पगारही नाही आणि जागाही रिकामी. पिएर लेफ्टला रोज खेळला, मोसम .३०८ वर संपवला, आणि डॉजर्सनी ९५ सामने जिंकले. महाग राखीव माणूस म्हणून ज्याची टिंगल होत होती त्यानेच दोन महिने किल्ला लढवला. (@गाढवाचं_लग्न, वॉचमनला बढती मिळाली!)

मग डिसेंबर २००९ मध्ये पिएर शिकागो व्हाइट सॉक्सकडे. ऑगस्ट २०१० मध्ये त्याच व्हाइट सॉक्सनी मॅनीला वेव्हर्सवरून उचललं. पण ही अमेरिकन लीग. मॅनी डीएचला गेला, पिएर लेफ्टला तसाच राहिला आणि त्या वर्षी ६८ चोऱ्या करून लीगमध्ये पहिला आला. तीच दोन माणसं, पण डीएच आहे म्हणून कुणाला हटवावं लागलं नाही. मॅनी तोवर संपला होता हे वेगळं, २४ सामन्यांत १ होमरन.

रानवेडी

ठोकताळा मागितला होता ना, मग मी असा लावेन. ट्रेडची बातमी आली की आधी नव्या संघाचा डीएच मोकळा आहे का ते बघा. मोकळा असेल तर आउटफिल्डला धक्का लागत नाही, पुढचं वाचायची गरज नाही. मोकळा नसेल तर सेंटर फिल्डरचं वय आणि पाय बघा. तो साखळी ओढू शकेल का? मग कोपऱ्यातून कोण हटणार आणि त्याचा ओपीएस काय. .७०० च्या खाली असेल तर ट्रेड फायद्याचा जवळपास नक्की, .८०० च्या वर असेल तर विनाकारण खर्च. त्यानंतर घरच्या मैदानाचं लेफ्ट किती खोल. शेवटी चौथा आउटफिल्डर: तो सेंटर खेळू शकतो का? फक्त कोपऱ्यात खेळणारा चौथा माणूस असेल तर सेंटरवाला दुखावला त्या दिवशी तिन्ही जागा बिघडतात.

२००८ च्या डॉजर्सना हे लावून बघा. डीएच नाही, सेंटरला २३ वर्षांचा केम्प, हटणारा .६५५ चा, मैदान मध्यम, आणि हटलेला पिएर हाच सेंटरसुद्धा खेळू शकणारा चौथा.

खडूस_खेळिया

डीएच मोकळा असला की प्रश्न मिटला, हे पटत नाही. यांकीजनी डिसेंबर २०१७ मध्ये ५९ होमरनवाला जियानकार्लो स्टँटन घेतला. राइटला ॲरन जज आधीच होता, म्हणून २०१८ मध्ये स्टँटन निम्म्याहून जास्त सामने डीएच. आउटफिल्डला धक्का नाही, कबूल. पण डीएच एकाने कायमचा अडवला की बाकीच्या दमलेल्यांना अर्धी विश्रांती द्यायची जागाच राहत नाही. जजला एक दिवस ग्लव्हपासून सुट्टी द्यायची तर स्टँटनला लेफ्टला उभं करा, नाहीतर बाकावर बसवा. दर आठवड्याला हा पेच.

शॉर्टस्टॉप

@खडूस, आणि आता दोन्ही लीगमध्ये डीएच असल्याने हा पेच तीसही संघांना आहे. पूर्वी नॅशनल लीगच्या संघाला लपवायचं कसं याची काळजी असायची. आता काळजी ही की डीएच एकालाच द्यायचा की पाच जणांत फिरवायचा. फिरवणारे संघ वय झालेल्या फलंदाजासाठी फारसा माल देत नाहीत, कारण तो आला की फिरवणं बंद होतं.

नवखी_प्रेक्षक

मग आजच्या काळात मॅनीसारखा ३६ वर्षांचा फलंदाज मुदतीच्या दिवशी बाजारात आला तर त्याला गिऱ्हाईक कोण?

आकडेमोड

ज्याचा डीएच नुकताच दुखापतीने मोसमाबाहेर गेलाय तो संघ. बाकीचे फोन करून भाव विचारतील आणि ठेवून देतील.